डोहापासून धरणापर्यंत : नाशिकच्या मासेमारीच्या जागांचा मागोवा

नाशिक जिल्ह्यात मासा कुठे लागतो, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत बंधाऱ्यांनी आणि धरणांनी पार बदलून टाकले. जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. इथला काठ नदीचा होता, तो हळूहळू जलाशयांचा झाला.

धरणांच्या आधी चांगली जागा म्हणजे डोह. त्र्यंबकेश्वरहून निघालेली गोदावरी काळ्या कातळावरून वाहते. उन्हाळ्यात तिची धार तुटली की पाणी खोल डोहांतच उरायचे आणि मासाही तिथेच गोळा व्हायचा. नाशिकजवळच्या सोमेश्वरसारख्या ठिकाणी पाणी खडकावरून कोसळते. अशा धबधब्याच्या पायथ्याशी पाण्यात प्राणवायू भरपूर असतो आणि वाहून आलेले खाद्यही मिळते, म्हणून मासा धारेच्या कडेला थांबतो. भोई आणि कोळी मंडळींना ही माहिती पिढ्यान्‌पिढ्या होती. दगडांच्या कपारीत वाम, शेवाळाच्या आडोशाला मरळ, तळाच्या गाळात शिंगटा, वाहत्या स्वच्छ पाण्यात खडस म्हणजे महासीर, असा त्यांचा हिशेब असे.

दुसरी जागा ऋतूची होती. मृगाचा पाऊस पडून गढूळ पाणी आले की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात आणि ओहोळांतून थेट भातखाचरांत शिरतात. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ या पावसाळी भागांत चढणीच्या माशांची वाट आजही पाहिली जाते. खरे तर ही नदीची पेरणीच.

मोठा बदल सुरू झाला तो दुष्काळाशी झुंजण्यासाठी उभारलेल्या पाटबंधाऱ्यांमुळे. गोदावरी-कादवा संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरचा दगडी बंधारा 1907 ते 1913 या काळात झाला आणि त्याला पाणी पुरवणारे दारणा धरण 1916 मध्ये पूर्ण झाले. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, बेटे आणि उथळ पाणथळी तयार झाल्या. मासे वाढले, त्यांच्यामागे पक्षी आले. गंगापूर धरण 1965 मध्ये पूर्ण झाले, गिरणा 1969 मध्ये. प्रत्येक भिंतीमागे शेकडो एकर नवा काठ तयार झाला. मात्र त्याच भिंतींनी चढणीची वाट अडवली आणि खालच्या डोहांचे पाणी आवर्तनांच्या वेळापत्रकावर आले.

या नव्या पाण्यात मासा आला तोही मुख्यतः बाहेरून. कटला, रोहू आणि मृगळ हे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे मासे. साठलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत. 1957 मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन अशा माशांचे प्रजनन घडवले आणि देशभर धरणांत बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडणे शक्य झाले. 1952 मध्ये भारतात आणलेल्या चिलापी (तिलापिया) या माशाला तर बीज सोडण्याचीही गरज पडत नाही. ती तोंडात अंडी सांभाळते आणि उथळ काठावर भराभर वाढते. काठावर बसून टाकलेल्या गांडुळाच्या आमिषाला बहुधा तीच लागते.

धरणावर जागा शोधायची तर बुडालेली नदी वाचता यायला हवी. वरून सगळे पाणी सारखेच दिसते, पण तळाशी जुने पात्र, नाल्यांची तोंडे, बांध आणि विहिरी बऱ्याच अंशी तशाच असतात. मासा या खोलगट वाटांनी फिरतो आणि सकाळ-संध्याकाळ खाण्यासाठी उथळात येतो. त्यामुळे जिथे काठाचा उतार एकदम तुटतो किंवा ओढा जलाशयाला मिळतो, ती जागा पहिली पाहावी. वारा ज्या काठावर आदळतो तिथे तरंगते खाद्य जमते, म्हणून तो काठही चांगला. ऑक्टोबरनंतर पाणी उतरू लागते आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. नोव्हेंबरातली उत्तम जागा मार्चमध्ये कोरडी असते. म्हणूनच जाणकार उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ डोळ्यांखालून घालून ठेवतात. भरल्या धरणात तोच नकाशा कामी येतो. स्थानिक मच्छीमार तराफ्यावरून किंवा फुगवलेल्या ट्यूबवरून जाळी लावतात. हौशी गळकऱ्याला कायाकचा, म्हणजे वल्हवायच्या छोट्या होडीचा, उपयोग असा : काठावरून गळ पोहोचत नाही अशा नाल्याच्या तोंडाशी आवाज न करता जाता येते. मात्र गाळात पाय रुततो आणि पाण्याखाली जाळी पसरलेली असतात. जीवरक्षक जाकिटाशिवाय तिथे उतरणे धोक्याचेच.

जागा अजूनही सरकत आहेत. गंगापूर धरणाची मूळची सुमारे 7.2 टीएमसी (अब्ज घनफूट) साठवणक्षमता गाळामुळे 5.6 टीएमसीवर आली आहे. बुडालेल्या नदीची जुनी वळणे बुजली, तसे माशांचे थारेही बुजले. नाशिक शहराच्या खाली सांडपाणी आणि पाणवेलींनी गोदावरीचे कित्येक डोह निकामी केले. या सगळ्या मागोव्यातले हे सर्वांत मोठे नुकसान आहे. धरणे नवा काठ तरी देतात, सडलेला डोह काहीच देत नाही. दुसरीकडे, नांदूरमध्यमेश्वर 1986 मध्ये अभयारण्य झाले आणि 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. तिथले मासे आता आधी पक्ष्यांचे आहेत.

इतर जलाशयांत मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थांकडे असतो. बीज त्यांच्या पैशाने सोडलेले असते, म्हणून गळ टाकण्यापूर्वी त्यांना विचारावे. आणि पहिल्या पावसात पोटात अंडी घेऊन चढणारा मासा कोणीही धरू नये.