चिखलात हात घातल्याशिवाय

वसुबारस आली की मराठवाड्यातल्या गावांत अंगणात ताज्या शेणाच्या गवळणी बसू लागतात. डोक्यावर घागरी, शेजारी गोठा, चूल, जातं, उखळ. काही ठिकाणी या मांडणीला पांडव म्हणतात. आजी थापते आणि नातवंडं झेंडूची फुलं खोचतात. एखादी गवळण कलंडते, एखादीचं नाक गालावर सरकतं. शहाणी आजी ते तसंच राहू देते.

दिवाळीतल्या किल्ल्याचं काम त्याहून अवघड. विटा-दगड रचायचे, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट पांघरायचं आणि हिरवळीसाठी हळीव पेरायचा. जालना जिल्ह्यात एक वेगळीच अडचण येते, ती काळ्या मातीची. ओली असताना ही माती फुगते, वाळली की आकसते. संध्याकाळी लिंपलेला बुरूज वाळला, की त्याला भेगा पडलेल्या दिसतात. मग घरातलं कुणीतरी भुसा किंवा शेण कालवायला सांगतं, कारण त्यातल्या धाग्यांनी माती धरून राहते. गावाची जुनी घरं याच हिशेबाने उभी राहिली. शेत काळीत, घर पांढरीत. माळवदी घरांच्या भिंती नि धाबी पांढऱ्या मातीनं लिंपली जात, कारण ती काळीसारखी फुगत-आकसत नाही. सणाआधी भिंत पोतारताना पोरांच्या हाती पोतेरा यायचाच. भूगोलाच्या पुस्तकात हीच काळी माती ‘रेगूर मृदा’ म्हणून खूप नंतर भेटते.

असं कामातूनच शिकणं इतरत्रही दिसतं. मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ यांनी ग्वाटेमालातल्या माया कुटुंबांचा अनेक वर्षं अभ्यास केला. तिथली मुलं मोठ्यांच्या कामात वावरत, पाहत आणि हातभार लावत शिकतात. त्यांच्यासाठी वेगळा धडा मांडावा लागत नाही. आपल्याकडे दोन-तीन वर्षांचं मूल ‘मी पण’ म्हणत झाडू ओढतं, तेव्हा ‘जा, खेळ जा’ म्हणणं सोपं असतं; काम लवकर उरकतं. पण पुढे तेच मूल हाक मारूनही येत नाही, ही तक्रारही त्याच घरात ऐकू येते.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकू देण्याची कल्पना आहे. चांगलीच आहे, पण सहावीपर्यंत थांबायचं कशाला?

अर्थात, हातभार आणि राबणं यांत फरक आहे, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या जालन्यात तो स्पष्टच सांगायला हवा. फडात किंवा वीटभट्टीवर शाळा बुडवून केलेलं काम म्हणजे शिक्षण नव्हे. कायदा चौदा वर्षांखालच्या मुलांना घरच्या कामात मदत करू देतो, तीही शाळा सुटल्यावर किंवा सुटीत आणि काम धोक्याचं नसेल तरच.

घराची डागडुजी निघाली, तर तीन वर्षांच्या मुलाला तांब्यानं पाणी आणता येतं, माती तुडवता येते. सात-आठ वर्षांचं पोर दोरी धरून ओळंबा पाहू शकतं. ओलं सिमेंट आणि चुना मात्र पोरांपासून लांब. दोन्हींनी कातडी भाजते.