परभणीचा उजेड आणि कुत्र्याचे केस

मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि कुत्रं पाळलेल्या घरांत एकच तक्रार ऐकू येते: फरशीवर केस, सतरंजीवर केस, धुतलेल्या पँटवरही केस. सगळे दोष देतात उन्हाला. पण केस कधी गळायचे, हे मुख्यतः ठरवतो उजेड! दिवस किती लांबला हे कुत्र्याचे डोळे टिपतात, मेंदू त्याप्रमाणे संप्रेरकं कमी-जास्त करतो आणि कातडीतली केसांची मुळं कामाला लागतात किंवा विसावतात.

आता आपल्या गल्लीतल्या पोमेरेनियनचा विचार करा. त्याचे पूर्वज बाल्टिक समुद्राकाठचे. तिथे वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत नऊ-दहा तासांचं अंतर असतं. परभणीत ते जेमतेम सव्वादोन तास भरतं, त्यात घरातली ट्यूबलाइट रात्री अकरापर्यंत सुरू. हंगाम बदलल्याची ठळक खूणच त्या शरीराला मिळत नाही. म्हणून घरात राहणारा पोमेरेनियन किंवा लॅब्रॅडॉर बारा महिने थोडे थोडे केस गाळत राहतो.

त्याच्या मानेवरचे केस बोटांनी उलटे फिरवून पाहा. वर राठ, लांब केस. खाली फिकट, मऊ लोकर. गळते ती मुख्यतः ही लोकर, आणि वरच्या केसांत अडकून तिच्या जटा होतात. जटेखाली हवा खेळत नाही, कातडी ओली राहते, खाज सुटते. पोमेरेनियनला एक दिवसाआड विंचरावं, गळती वाढली की रोज. लॅब्रॅडॉरला आठवड्यातून दोनदा पुरे, गावठी कुत्र्याला एकदा. उन्हाळा आला म्हणून पोमेरेनियनचा चकोट मात्र करू नये. विंचरलेली, मोकळी लोकर ऊनही अडवते. ती काढली की कातडी थेट भाजते.

मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट म्हणजे कुरळे, झुपकेदार, लांब, आखूड असे केसांचे जवळपास सगळे प्रकार अवघ्या तीन जनुकांच्या जुळवाजुळवीतून येतात. २००९ मध्ये संशोधकांनी हे दाखवून दिलं. पूडलसारख्या कुत्र्याचे केस वाढतच राहतात, त्यामुळे त्याला दीड-दोन महिन्यांनी कात्री लागते.

आंघोळीचा उत्साह आवरावा. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ असतो, आणि आपली कातडी आम्लधर्मी तर त्याची उदासीनतेकडे झुकणारी. आपला साबण त्याला मानवत नाही. महिन्या-दीड महिन्याने, कुत्र्यांच्या शाम्पूने, एवढं बास. पाणी झटकायचं काम तो स्वतःच करतो: लॅब्रॅडॉर सेकंदाला चार-पाच वेळा अंग घुसळतो आणि सैल कातडीमुळे अंगावरचं बरंचसं पाणी काही क्षणांत उडून जातं.

रोज करायचं ते एकच: हात फिरवणं. गोचिडाची मादी रक्त पिऊन फुगली की गळून पडते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. तिच्या चाव्यातून होणारा ताप जिवावर बेततो. कानाच्या पाळीमागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात चाचपून बघा. सापडलेलं गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल लावू नका. पावसाळ्यात याच बेचक्यांत काळी माती वाळून खड्यासारखी घट्ट होते, तर दिवाळीनंतर माळावरची कुसळं रुततात आणि आत आत सरकत जातात. कुत्रं पाय सारखं चाटत असेल, कान झटकत असेल किंवा हात लावताच गुरगुरत असेल, तर घरच्या घरी टोकरत बसू नये. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा वेळी तिथे किंवा जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात त्याच दिवशी न्यावं.