तीच वाट, तेच वाटसरू… मग नवं काय?

कोजागिरीच्या सुमारास आमच्या तामलवाडीतल्या बायका दोन रात्री पाठ टेकत नाहीत. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं, की तुळजापूरची आई पलंगावर निजते. नवरात्रात महिषासुराशी लढून ती दमलेली असते म्हणून ही श्रमनिद्रा. पौर्णिमेला ती पुन्हा सिंहासनावर बसते. तिच्या त्या दर्शनाला सोलापूरहून, पार कर्नाटकातूनही माणसं पायी निघतात. सोलापूर ते तुळजापूर ही ४५ किलोमीटरच्या आसपासची वाट, आणि आमचं गाव त्याच वाटेवर. त्या दिवसांत गाड्या दुसऱ्या रस्त्यानं वळवतात आणि रात्रभर रस्ता चालणाऱ्यांचा असतो. ‘आई राजा उदो उदो’च्या गजरात माणसांची रांग काही तुटत नाही.

वाटेत जागोजागी मांडव. कुणी चहा देतं, कुणी केळी, कुणी पाय चोळून मलम लावून देतं. आमच्या बायकांच्या मंडळाचाही एक छोटा मांडव असतो. चहा, चुरमुऱ्याचा सुशीला आणि जोडीला देवीची गाणी. तुणतुणं, झांज, एक ढोलकी, एवढाच आमचा सरंजाम. घटकाभर माणसं टेकावीत, गाणं ऐकावं, पाय मोकळे करावेत आणि पुढं निघावं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापूरच्या एक काकू चहाचा पेला हातात घेऊन माझ्यापाशी आल्या. दरवर्षी जावेला घेऊन येणाऱ्या, त्यामुळं चेहरा ओळखीचा. हसत हसत म्हणाल्या, “काय ओ ताई, गेल्या साली पण हेच गाणं, त्याच्या आदल्या साली पण हेच. आम्ही दिसलो की टेप लावता काय?”

मी हसले खरी, पण ते वाक्य काळजात रुतलं. खोटं कुठं होतं? आम्ही वर्षानुवर्षं त्याच दहा-बारा गाण्यांवर रात्र काढत होतो. आम्हाला वाटायचं, चालणारी माणसं रोज नवी. ती नवी नव्हतीच! निम्मी तर दरसालची होती.

पुढच्या वर्षी घरच्या पोरांनी तोडगा काढला. मोठे स्पीकर आणले, सिनेमाच्या चालीवरची गाणी लावली. आवाज कोसभर गेला असेल. पण माणसं चहा घ्यायची आणि उभ्या उभ्याच पुढं सटकायची. आमच्या मंडळातल्या सगळ्यात जुन्या गाणाऱ्या अक्का त्या वर्षी आल्याच नाहीत. बोलावणं पाठवलं तर म्हणाल्या, “तुमचा डबा गातोय की. माझं काय काम तिथं?”

नवं आणायच्या नादात आम्ही आमचं माणूसच घालवून बसलो होतो.

भाचीचं जहाज

मैत्रिणींनो, याच सुमारास माझ्या भाचीचा फोन आला. ती परदेशी कंपनीच्या एका मोठ्या प्रवासी जहाजावर करमणुकीच्या विभागात काम करते. २०२१ मध्ये मुंबईहून ‘एम्प्रेस’ नावाचं जहाज गोवा-लक्षद्वीपच्या फेऱ्या करू लागलं, तेव्हापासून ‘क्रूझ’ हा शब्द आपल्याकडेही बऱ्याच घरांत पोचलाय. पण त्या जहाजावर लोक दिवसभर करतात काय, हे मला तिच्याकडूनच कळलं. मी आमचं रडगाणं सांगितलं, तर ती खो-खो हसत सुटली. “मावशी, हे तर आमचं रोजचं दुखणं आहे गं!”

ती म्हणाली, जहाजावर येणाऱ्यांत जुने प्रवासी पुष्कळ असतात. विशेषतः निवृत्त मंडळी. काहींना तर घरापेक्षा जहाजच आवडतं. एक फेरी संपली की खाली न उतरता लगेच दुसऱ्या फेरीलाही तिथंच राहणारे असतात. आता सोमवारी जो नाचगाण्याचा कार्यक्रम बघितला, तोच पुढच्या सोमवारी पुन्हा! मग कुरकुर होणारच.

“मग रोज नवा बसवा की,” मी म्हटलं.

“तेच तर जमत नाही. नाचणाऱ्या-गाणाऱ्यांचा संच काही महिन्यांच्या करारावर असतो. त्यांचे कार्यक्रम आधीच बसवलेले, कपडे, दिवे, संगीत सगळं ठरलेलं. भर समुद्रात दर आठवड्याला नवं नाटक कुठून उभं करणार? म्हणून तो मोठा कार्यक्रम तसाच ठेवायचा आणि त्याच्या आजूबाजूचं बदलायचं.”

मग तिनं एकेक युक्ती सांगितली. जादूगार, विनोदवीर, गायक असे पाहुणे कलाकार एका बंदरावर चढतात, एक-दोन कार्यक्रम करतात आणि पुढच्या बंदरावर उतरून जातात. दिवसभराच्या कार्यक्रमांचा कागद आदल्या रात्रीच खोलीत पोचतो, म्हणजे जुन्या माणसाला काय टाळायचं आणि काय बघायचं ते ठरवता येतं. हल्ली हे मोबाइलवरही येतं. प्रश्नमंजूषेचे प्रश्न पुन्हा येऊ नयेत म्हणून कुठल्या फेरीला काय विचारलं याची नोंद ठेवावी लागते. “नाहीतर मावशी, जुने आजोबा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळे होतात!”

पण तिनं सांगितलेल्या दोन गोष्टी मला जास्त मोलाच्या वाटल्या.

पहिली : जुन्या माणसाला सगळंच नवं नको असतं. तोच कार्यक्रम पुन्हा लागला तर तो कुरकुरतो, हे खरं. पण त्याचा नेहमीचा पियानोवाला कोपऱ्यातून हलवून बघा, त्याहून मोठ्यानं ओरडेल. त्याला नेहमीची खुर्ची हवी, नाव घेऊन विचारपूस करणारा वेटर हवा. तो परत येतो तो याच्यासाठी.

दुसरी : प्रवाशांच्याच हातात माइक द्यायचा. जहाज दिवसभर पाण्यावर असतं तेव्हा हौशी प्रवाशांचं समूहगान बसवतात, नाच शिकवतात आणि शेवटी त्यांचाच कार्यक्रम ठेवतात. “तो कधीच शिळा होत नाही. जहाज तेच, स्टेज तेच, पण गाणारी माणसं दर फेरीला वेगळी. शिवाय माणूस दुसऱ्याचं बघायला एकदा येतो, स्वतःचं करायला पुन्हा पुन्हा येतो.”

आपल्या लोकांना हे ठाऊकच होतं

फोन ठेवला आणि मनात आलं, अगं बाई, हे शिकायला जहाजावर कशाला जायला हवं? आपला गोंधळच बघा ना. आपल्या भागात लग्न झालं की गोंधळ घालतात. संबळ तीच, तुणतुणं तेच, दिवटी तीच. देवांना आवतण द्यायची रीतही ठरलेली. भाऊबंद तेच, म्हणजे ऐकणारेही तेच. तरी माणसं पहाटेपर्यंत का बसतात? कारण गोंधळी यजमानाचं नाव, त्याचं कुलदैवत, घरातली माणसं गाण्यात गुंफतो. आख्यान जुनं असलं, तरी मध्येच त्याचा साथीदार वेड्यासारखे प्रश्न विचारतो आणि त्या सवाल-जवाबात गावातली कालची घडामोड येऊन बसते. चौकट जुनी, पण त्या चौकटीत एक खिडकी मुद्दाम उघडी ठेवलेली.

तमाशातही तसंच. गण झाला की गवळण, मग बतावणी, मग वग. हा क्रम गावातलं पोरगंही सांगेल. पण बतावणीत आज काय निघेल, ते सांगता यायचं नाही. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडक्यांनी हीच नस पकडली होती. १९६५ मध्ये रंगमंचावर आलेल्या या लोकनाट्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. ताज्या घडामोडींवरचे दादांचे ऐनवेळचे टोमणे ऐकायला तीच माणसं पुन्हा पुन्हा तिकीट काढायची. गोष्ट पाठ झालेली असायची, आज दादा काय बोलणार ते पाठ नसायचं.

आणि याच्या अगदी उलटंही एक उदाहरण आहे, तेही आपल्या मराठवाड्यातलं. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. एकटा माणूस, एक उपरणं आणि ५२ पात्रं! २००९ मध्ये ते गेले, पण त्याआधी कितीतरी घरांत त्याच्या कॅसेट झिजेपर्यंत वाजल्या होत्या. आमच्याकडं तर वाक्य सुरू झालं की घरातलं कुणीतरी ते पुरं करायचं. तिथं आम्हाला काही नवं नकोच होतं. पुढं काय येणार हे माहीत असण्यातच मजा होती.

म्हणजे बघा, नव्याची ओढ आणि जुन्याची माया, दोन्ही एकाच माणसात असतात. कधी कुठली वर येईल, ते त्या माणसाकडं बघितल्याशिवाय कळत नाही.

आमची वही

मग आम्ही बसलो आणि ठरवलं. सगळ्यात आधी मी आणि दोघीजणी अक्कांच्या घरी गेलो. डबा बंद, तुम्ही चला म्हणून हात जोडले. त्या लगेच काही ‘हो’ म्हणाल्या नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “येते. पण मला मधनं थांबवायचं नाही.” कबूल!

मग एक वही केली. मध्यरात्रीच्या आधी काय म्हटलं, नंतर काय म्हटलं, कुठल्या गाण्याला माणसं टेकली, कुठल्याला उठली, सगळं लिहायचं. तीन गोष्टींना हात लावायचा नाही असं ठरलं : सुरुवातीचं देवीचं गाणं, चहाची चव आणि मध्यरात्रीनंतरची अक्कांची बैठक. बाकीच्यात दरवर्षी निम्मं नवं. नवं म्हणजे विकत आणलेलं नव्हे हं. यंदा पाऊस कसा झाला, सोयाबीनला भाव काय मिळाला, कुणाची लेक पोलिसात भरती झाली, असलं सगळं आमच्याच बायका चालीत बसवतात. कधी यमक जुळतं, कधी नाही. पण ओळखीचं काही आलं की रस्त्यावरची माणसं वळून बघतात.

आणि एक जागा मोकळी ठेवली. अर्धा तास चालणाऱ्यांचा. ज्याला वाटेल त्यानं माइक घ्यावा. सोलापूर म्हणजे मराठी, कन्नड, तेलुगू असं तिन्ही बोलणारं गाव. त्यामुळं या अर्ध्या तासात आमच्या मांडवात तिन्ही भाषा वाजू लागल्या. शब्द कळत नाहीत, पण ‘उदो उदो’ आलं की सगळे एकदम उचलतात. ढोलकीवाल्या वहिनींनी तर कन्नड गाण्यांचे दोन ठेकेही शिकून घेतलेत!

सगळंच जमलं असं नाही. भाचीचं ऐकून आम्ही प्रश्नमंजूषाही ठेवली होती. रात्री दोन वाजता, पायाला फोड आलेल्या माणसाला प्रश्न विचारतंय कोण? एका आजोबांनी चांगलं सुनावलं, “पोरी, आधी पाणी दे, मग परीक्षा घे.” ती वहीतून त्याच रात्री खोडली. जहाजावरचं सगळंच डांबरी रस्त्यावर चालत नाही.

गेल्या कोजागिरीला त्या सोलापूरच्या काकू पुन्हा आल्या. टेप म्हणणाऱ्या त्याच. मी मोठ्या उत्साहानं सांगायला लागले, की बघा काकू, यंदा निम्मी गाणी नवी आहेत. त्यांनी मान हलवली. या वेळी सोबत जाऊ नव्हती, सून होती. जाऊबाई पावसाळ्यात गेल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, “ताई, ते जुनं म्हणता काय? तुमचं नेहमीचं. तिला लई आवडायचं. मी नावं ठेवायची आणि ती मला दटावायची.”

ते गाणं आम्ही वहीतून काढून टाकलं होतं. दोन वर्षं कुणी म्हटलेलं नव्हतं. आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो. अक्कांनी मात्र तुणतुणं ओढून घेतलं आणि सुरू केलं, पहिल्या कडव्यापासून शेवटापर्यंत, एक शब्द न चुकता. काकू सुनेला जवळ बसवून ऐकत होत्या. गाणं संपल्यावर त्यांनी चहा मागितला, तोही नेहमीसारखा, कमी साखरेचा.

त्या रात्री वहीत मी एक वेगळं पान केलं. ‘बंद केलेली, पण विसरायची नाहीत अशी गाणी.’ आणि त्यात अक्कांना येणारी सगळी गाणी सुना-लेकींकडून लिहून घ्यायला सुरुवात केली. मंडळातल्या दोन पोरी आता दर शनिवारी त्यांच्याकडं बसतात. लिहून झालेलं अक्का पुन्हा म्हणायला लावतात, कारण कागदावर चाल येत नाही ना!

मैत्रिणींनो, आपण सगळ्याजणी हेच तर करत असतो. दरवर्षीचा भोंडला, हळदीकुंकू, भिशी, गावातला सप्ताह. माणसं तीच, अंगण तेच. कंटाळा आला की आपण म्हणतो, यंदा काहीतरी मोठं आणू या, भाड्यानं आणू या. तसं करायच्या आधी एवढं जरूर बघा. परत येणारी बाई नेमकी कशासाठी परत येते, ते तिला विचारा. ती गोष्ट हलवू नका. बाकीच्यात खुशाल बदल करा, पण काय बदललं ते लिहून ठेवा. आणि थोडी जागा तिच्यासाठीच मोकळी सोडा. तिच्याकडंही काहीतरी असतं, तिला कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

भाचीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मावशी, आमच्याकडं एक आजी येतात. दरवर्षी यजमानांबरोबर यायच्या, या फेरीला एकट्या आल्यात. त्यांना जुनं कुठलं गाणं हवंय का, ते उद्या विचारते.”