कापसाचा भाव आणि सातबाऱ्यावरचे नाव



जागतिकीकरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई-पुण्याच्या उंच इमारती येतात. परंतु ते सावनेर तालुक्यातल्या कापसाच्या शेतातही केव्हाच शिरले आहे. डंकेल प्रस्तावावर देशभर वाद झडले, १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि शेतमालाला जगाची बाजारपेठ खुली होईल, असे सांगण्यात आले. पुढे काय झाले? २००१-०२ च्या हंगामात कापसाचे जागतिक भाव सुमारे तीस वर्षांतल्या नीचांकावर गेले. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला त्याच्या सरकारने भरघोस अनुदान देऊन सावरले. आपल्याकडे १९७२ मध्ये सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी योजना तोट्यात रुतली होती, चुकारे रखडत होते आणि त्याच सुमारास तिचा एकाधिकारही संपला. भाव दोघांसाठीही पडला. पण पाठीशी उभी राहणारी यंत्रणा एकालाच होती.

२०२५ मध्ये हेच पुन्हा दिसले. केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ही सूट पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. गिरण्यांना परदेशी कापूस स्वस्त पडू लागला. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. विदर्भातले व्यापारी मात्र त्याहून कमी देत होते. अशा वेळी आधार उरला तो भारतीय कापूस महामंडळाचा, म्हणजे सीसीआयचा.

परंतु सीसीआयच्या दारात प्रवेश कोणाला? ज्याच्या नावे सातबारा आहे आणि त्यावर कापसाचा पेरा नोंदलेला आहे, त्याला. त्या हंगामात ‘कपास किसान’ अ‍ॅपवर आधार क्रमांकासह नोंदणीही करावी लागली. ठेक्याने किंवा बटईने शेती कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. त्याला व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागतो. किलोमागे मजुरी घेऊन कापूस वेचणाऱ्या आपल्या आयाबहिणींपर्यंत तर हमीभाव पोहोचतच नाही. शेत एकच, कापूस एकच; पण मालक, कसणारा आणि वेचणारी यांच्या मिळकतीत जमीन-अस्मानाचे अंतर!

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर राजकीय लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल. सातबाऱ्याच्या रकान्यात आज तीच विसंगती दिसते.

जागतिक बाजाराला आपण गावात बसून आवर घालू शकत नाही. गावच्या नोंदींवर मात्र लक्ष ठेवू शकतो. खरिपाची ई-पीक पाहणी मुदतीत करा. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी वडीलधाऱ्यांची नोंद लावून द्यावी. ठेक्याचा व्यवहार कागदावर आणा. वेचणीचा दर ठरवताना भगिनींनी एकत्र बसून बोलावे. आणि ग्रामसभेत उभे राहून विचारा: जो कसतो, त्याला हमीभाव का नाही?