ल्यूकेमिया व त्याची रक्तपरीक्षा

कांहीं रोगांचीं नांवें अशीं असतात कीं, तीं उच्चारतांच घरांतील बोलणें थांबतें. ल्यूकेमिया हें त्यांपैकीं एक होय. रूढ भाषेंत त्यास रक्ताचा कर्करोग म्हणतात. परंतु हें एकच नांव किती भिन्न विकारांस लाविलें जातें, याची कल्पना पुष्कळांस नसते. चार वर्षांच्या बालकास होणारा तीव्र लिंफोसाइट ल्यूकेमिया आणि सत्तरीच्या आजोबांस होणारा जीर्ण लिंफोसाइट ल्यूकेमिया, यांत नांवापलीकडे साम्य थोडेंच आहे. पहिल्यांत थोडा विलंबही घातक ठरूं शकतो. दुसऱ्यांत पुष्कळदां वर्षानुवर्षें कांहींच औषध द्यावें लागत नाहीं. हा भेद रक्ताच्या तपासणीनें कळतो. हल्लीं तपासणीचा कागद डॉक्टरांच्या आधीं आईबापांच्याच हातीं पडतो, व त्यांतील एखाद्या आंकड्याखालीं काळी रेघ दिसली कीं रात्रभर झोंप लागत नाहीं. यास्तव त्या आंकड्यांचा अर्थ येथें थोडा विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

मोहरीच्या दाण्याएवढा, म्हणजे सुमारें एक घन मिलिमीटर, रक्ताचा थेंब घेतला तर त्यांत तांबड्या पेशी जवळजवळ ५० लाख असतात. रक्त गोठविण्यास साहाय्य करणारे प्लेटलेट नांवाचे सूक्ष्म कण दीड ते साडेचार लाख असतात. पांढऱ्या पेशी मात्र प्रौढ माणसांत अवघ्या ४,००० ते ११,००० असतात. या सर्वांची उत्पत्ति हाडांतील मगजांत होते. पांढऱ्या पेशींतही जाती आहेत, व त्यांपैकीं एक जात म्हणजे लिंफोसाइट. प्रौढांत पांढऱ्या पेशींपैकीं शेकडा २० ते ४० या जातीच्या असतात. यांच्याही दोन शाखा आहेत: बी शाखेच्या पेशी रोगजंतूंविरुद्ध प्रतिपिंडें निर्माण करतात, आणि टी शाखेच्या कांहीं पेशी रोगग्रस्त झालेल्या पेशींचा नाश करतात.

प्रत्येक लिंफोसाइट पेशी एका विशिष्ट शत्रूसच ओळखते. तो शत्रु शरीरांत शिरला कीं त्यास ओळखणाऱ्या पेशी झपाट्यानें वाढतात, आणि त्याचा पाडाव झाल्यावर त्यांची संख्या आपोआप उतरते. ल्यूकेमियांत कोणी शत्रु नसतांच एखादी पेशी बिघडते व वाढूं लागते, आणि तिची वाढ थांबत नाहीं. पहिल्या प्रकारच्या वाढींत अनेक कुळांच्या पेशी असतात. दुसऱ्या प्रकारांत सगळ्या एकाच पेशीची संतति असतात. साऱ्या तपासण्यांचें मर्म या एका भेदांत आहे. केवळ संख्येवरून तो कळत नाहीं.

ही गोष्ट ध्यानांत येण्यास वैद्यकशास्त्रास बराच काळ लागला. १८४५ सालीं एडिंबरा येथें जॉन ह्यूज बेनेट यांनीं व बर्लिन येथें रुडॉल्फ फिर्खो यांनीं, एकमेकांस नकळत, मृत रुग्णांच्या रक्तांत पांढऱ्या पेशींचा विलक्षण भरणा पाहिला. बेनेट यांस तो पू वाटला. फिर्खो त्या वेळीं अवघे चोवीस वर्षांचे होते. त्यांनीं हा पू नसून रक्ताच्या स्वतःच्याच पेशींचा विकार होय असें मत मांडलें, आणि पुढें १८४७ सालीं ‘पांढरें रक्त’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्यास ल्यूकेमिया हें नांव दिलें.

आतां पहिली तपासणी, म्हणजे रक्तपेशींची संपूर्ण गणना. ही आज यंत्रानें कांहीं मिनिटांत होते व कोणत्याही तालुक्याच्या गांवीं करून मिळते. तिच्या बाबतींत दोन प्रकारची फसगत होते. लहान मुलांत, सुमारें चार-पांच वर्षांच्या वयापर्यंत, लिंफोसाइट पेशींचेंच आधिक्य असणें हें स्वाभाविक आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या कागदावर शेकडा ५५ लिंफोसाइट पाहून मोठ्या माणसाच्या मापानें घाबरण्याचें कारण नाहीं. डांग्या खोकल्यांत व विषाणूंमुळें येणाऱ्या कांहीं तापांतही यांची संख्या बरीच चढते आणि पुन्हां उतरते. दुसरी फसगत याच्या उलट, व अधिक धोक्याची आहे. तीव्र ल्यूकेमिया झालेल्या मुलांपैकीं सुमारें निम्म्यांत निदानाच्या वेळीं पांढऱ्या पेशी १०,००० च्या आंतच असतात. कित्येकांत तर त्या कमीही असतात. ‘पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहींत, मग काळजी कसली?’ हा विचार अशा वेळीं घातक ठरतो. त्या कागदावर हिमोग्लोबिन व प्लेटलेट यांचे आंकडे त्याहून अधिक बोलके असतात. बिघडलेल्या पेशींनीं हाडांतील मगज भरून गेला म्हणजे इतर पेशींना तयार होण्यास जागाच उरत नाहीं. मग तांबड्या पेशी घटल्यानें मूल फिकट दिसतें व थकतें. प्लेटलेट घटल्यानें मार न लागतां अंगावर काळेनिळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येतें. आणि निरोगी पांढऱ्या पेशी घटल्यानें ताप हटत नाहीं. हाडें दुखतात, मान व काखेंतील गाठी सुजतात. हीं चिन्हें एकत्र दिसलीं तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून टॉनिकावर दिवस घालवूं नयेत. सांधे दुखतात म्हणून निदानापूर्वींच स्टेरॉइडच्या गोळ्या देणें तर फारच वाईट. त्यांनीं मुलास तात्पुरता आराम पडतो, आणि खरा रोग झांकला जातो.

दुसरी तपासणी काचपट्टीची. एका पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवून दुसऱ्या पट्टीच्या कडेनें तो पातळ पसरवितात, वाळल्यावर रंग देतात व सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. आपल्याकडील पुष्कळ प्रयोगशाळांत याकरितां जो रंग वापरतात, तो विल्यम लीशमन या सैन्यांतील डॉक्टरांनीं १९०१ सालीं प्रसिद्ध केलेला आहे. सव्वाशें वर्षें होत आलीं तरी त्याचें काम संपलेलें नाहीं. निरोगी लिंफोसाइट पेशींत गडद जांभळें वाटोळें केंद्र व त्याभोंवतीं फिकट निळ्या द्रव्याची अरुंद कड दिसते. तीव्र ल्यूकेमियांत त्यांऐवजीं ब्लास्ट नांवाच्या अपक्व, आकारानें मोठ्या पेशी आढळतात. जीर्ण प्रकारांत पेशी दिसावयास पक्वच, परंतु नाजुक असतात; रक्त पसरतांना त्यांपैकीं बऱ्याच फुटतात आणि पुसट डागांसारख्या दिसतात. यंत्र मोजतें चांगलें. परंतु संशय आला म्हणजे जाणत्या माणसाच्या डोळ्यांवांचून भागत नाहीं.

संशय दृढ झाला तर मुलाच्या कमरेच्या हाडांतून सुईनें थोडा मगज काढतात. त्या जागीं बधिरता आणून किंवा मुलास गुंगी देऊन हें करतात. त्यानें मूल लंगडें होतें ही समजूत निराधार आहे. निरोगी मगजांत ब्लास्ट पेशी शेकडा ५ हून कमी असतात. त्या शेकडा २० किंवा अधिक निघाल्या म्हणजे तीव्र ल्यूकेमियाचें निदान पक्कें होतें. यापुढची परीक्षा पेशींच्या पृष्ठभागावरील खुणांची. चमकणारीं द्रव्यें जोडलेलीं प्रतिपिंडें पेशींत मिसळून त्या पेशी एकेक करून लेसर किरणापुढून नेतात. जी खूण असेल तिचें द्रव्य चमकतें. जीर्ण ल्यूकेमियाच्या बी पेशींवर सी.डी. ५ ही टी शाखेची खूणही सांपडते, जणुं दुसऱ्या शाळेचा बिल्ला लावून आलेला विद्यार्थी! या पद्धतीनें उपचारानंतर उरलेली दहा हजारांतील एक रोगी पेशीही हुडकतां येते, व पुढील औषध किती कडक द्यावें हें त्यावरून ठरतें.

औषधांच्या इतिहासांत मुंबईचाही थोडा वांटा आहे. १९२८ सालीं लूसी विल्स या डॉक्टरीण मुंबईस आल्या व गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा त्यांनीं अभ्यास केला. यीस्टच्या अर्कानें तो बरा होतो असें त्यांस आढळलें. त्यांतील गुणकारी द्रव्य पुढें फॉलिक अॅसिड म्हणून ओळखलें गेलें. बोस्टनचे सिडनी फार्बर यांस मात्र या वर्गांतील द्रव्यांनीं ल्यूकेमिया बळावतो असा संशय आला. तेव्हां त्याच्या नेमकें उलट कार्य करणारें औषध त्यांनीं योजिलें. तें औषध आंध्रांतून अमेरिकेस गेलेले येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या हाताखालील शास्त्रज्ञांनीं बनविलें होतें. १९४८ सालीं फार्बर यांनीं सोळा मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पैकीं दहांस गुण आला होता, परंतु तो टिकला नाहीं. त्याच जातीचें मेथोट्रेक्सेट आजही इतर औषधांच्या जोडीनें दिलें जातें. उपचार दोन ते तीन वर्षें चालतो. जेथें तो वेळेवर व अखंड मिळतो अशा देशांत शेकडा सुमारें ९० मुलें जगतात. आपल्याकडे हें प्रमाण कमी आहे, आणि मूल बरें दिसूं लागतांच उपचार मध्येंच सोडणें हें त्याचें एक मोठें कारण आहे.

आजोबांची गोष्ट निराळी. त्यांचा रोग बहुधा दुसऱ्याच कारणाकरितां रक्त तपासतांना उघडकीस येतो. एका घन मिलिमीटरांत एकाच कुळाच्या बी पेशी ५,००० किंवा अधिक, व त्या तीन महिने टिकून असल्या, तर त्यास जीर्ण लिंफोसाइट ल्यूकेमिया म्हणतात. हा युरोप-अमेरिकेंत जितका आढळतो तितका भारतांत आढळत नाहीं. जोधपुर येथें जन्मलेले व अमेरिकेंत कार्य केलेले डॉक्टर कांति राय यांनीं १९७५ सालीं याच्या पायऱ्या लावून दिल्या: प्रथम नुसत्या वाढलेल्या पेशी, मग गाठी, मग वाढलेली प्लीहा, नंतर उतरलेलें हिमोग्लोबिन व शेवटीं उतरलेले प्लेटलेट. आरंभींच्या पायरीवरील रुग्णांस लवकर औषध दिल्यानें आयुष्य वाढतें असें आढळलेलें नाहीं. म्हणून डॉक्टर ‘थांबा व रक्त तपासत राहा’ असें सांगतात, तेव्हां ती हयगय नव्हे. घाईनें शेत विकून मुंबई गांठण्याची अशा वेळीं जरुरी नसते. दर तीन ते सहा महिन्यांनीं गणना करावी. सहा महिन्यांच्या आंत लिंफोसाइट दुप्पट झाल्या, हिमोग्लोबिन उतरूं लागलें, किंवा वजन घटून रात्रीं घाम येऊं लागला, कीं औषधाचा विचार होतो. तोंपर्यंत आजोबांनीं नित्याप्रमाणें सकाळीं फिरावयास जावें.