स्वयंपाक्यांच्या वरचे पान

आमचे आजोबा पेटी वाजवीत. गावच्या वाड्यावर उत्सवात गाणे झाले, की त्यांना शाल मिळे, नारळ मिळे, चार गोड शब्दही मिळत. पण जेवणाचे पान मांडले जाई ओसरीच्या कडेला, कारकुनांच्या खाली आणि आचाऱ्यांच्या वर. ही हकीगत ते हसत हसत सांगत, आणि सांगून झाल्यावर बराच वेळ गप्प बसत.

मी मराठीचा प्राध्यापक. पाश्चात्य संगीतात माझा अधिकार म्हणाल तर तो नुसत्या ऐकणाऱ्याचा. पण मोझार्टने १७ मार्च १७८१ रोजी व्हिएन्नाहून वडिलांना लिहिलेले पत्र वाचले आणि आजोबांची ती ओसरी डोळ्यांपुढे उभी राहिली. पंचवीस वर्षांचा हा गुणी पोरगा धन्याच्या बोलावण्यावरून तिथे आला होता. टेबलावर मानाच्या जागी धन्याचे दोन खासगी हुजरे, आणि आपल्याला निदान स्वयंपाक्यांच्या वर बसण्याचा मान आहे, असे त्याने बापाला कळवले आहे. जूनमध्ये चाकरी सुटली. निरोप कसा मिळाला? धन्याचा कारभारी काउंट आर्को याने त्याला अक्षरशः लाथ घालून दाराबाहेर काढले!

आता वाचकांना वाटेल, हा धनी कुणी जुन्या वळणाचा, कर्मठ, अडाणी जहागीरदार असणार. मीही वर्गात कितीतरी वर्षे तसेच सांगत आलो. पण साल्झबुर्गचा हा आर्चबिशप, हिएरोनिमस कोलोरेडो, तसा मुळीच नव्हता. तो चांगला शिकलेला, प्रबोधनाच्या नव्या विचारांचा भोक्ता! त्याने शाळा सुधारल्या, देवळांतला डामडौल कमी केला, १७८२ साली साध्या उपासनेसाठी फर्मान काढले. प्रार्थनेचे संगीतही आटोपशीर हवे. त्याच्या अमलात, मोठ्यात मोठा मास घेतला तरी तो पाऊण तासाच्या आत संपवावा लागे. सुधारणा सगळी पटण्यासारखी. फक्त वर्षाला ४५० गुल्डनांवर ठेवलेला आपला वाजंत्रीही माणूस आहे, एवढे त्या प्रकाशात दिसले नाही.

अर्थात त्या काळची रीतच ती. हायडनने १ मे १७६१ रोजी एस्टरहाझी घराण्याशी जो करार केला, त्यात पांढरे मोजे, केसांना पावडर, वेणी किंवा टोप इथपर्यंत सारे लिहिलेले आहे. रोज दुपारच्या आधी आणि नंतर दिवाणखान्याबाहेर उभे राहून आज संगीत हवे की नको हे विचारायचे, आणि रचना धन्याच्या मालकीच्या! हायडन समंजस, त्याने वाट पाहिली, आणि १७७९ च्या नव्या करारात आपल्या रचना विकण्याची मुभा मिळवली. मोझार्टला मात्र हा समंजसपणा साधला नाही.

त्या कराराला बरोबर पंचवीस वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे १ मे १७८६ रोजी, व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरात मोझार्टचे ‘फिगारोचे लग्न’ रंगभूमीवर आले. मूळ नाटक बोमार्शे या फ्रेंच माणसाचे. धनिकाने जन्माला येण्यापलीकडे कर्तृत्व ते काय केले, असा सवाल त्यात एक नोकर करतो. सम्राट दुसरा योसेफ स्वतः सुधारक. १७८१ साली त्याने धर्मसहिष्णुतेचा जाहीरनामा काढला, भूदासांची वेठ सैल केली. पण १७८५ साली हे नाटक व्हिएन्नात करायला त्याने मनाई केली. छापा, वाचा, पण करू नका! संगीतक म्हणून मात्र तेच कथानक पसार झाले. संहिताकार दा पोंते याने नोकराचे ते जळजळीत स्वगत गाळले आणि तिथे बायकांच्या नावाने कुरकूर घातली.

मग विचार गेला कुठे? तो सुरांत गेला, असे माझे मत आहे. पहिल्या अंकात फिगारो धन्याला मनातल्या मनात आव्हान देतो, ते कोणत्या ठेक्यावर? मिन्युएटच्या, म्हणजे सरदारांच्या दिवाणखान्यातल्या नाचाच्या. खाली तंतुवाद्ये बोटांनी छेडून गिटारीचा आभास केलेला. धन्याचाच नाच, पण ताल नोकराच्या हातात. दुसऱ्या अंकाचा शेवट तर वीसेक मिनिटे अखंड चालतो. दोघांपासून सुरुवात, आणि एकेक पात्र येत येत सातजण एकदम गातात. मधे मोडलेल्या फुलांची कुंडी घेऊन दारू प्यालेला माळीही येऊन जातो. बोलत्या नाटकात इतकी माणसे एकदम बोलली तर नुसता गोंगाट होईल. इथे काउंटेस, दासी, नोकर, प्रत्येकाची ओळ वेगळी ऐकू येते, आणि कुणाची ओळ काढली तर इमारत ढासळते. हे पान कुणाच्या वर किंवा खाली मांडलेले नाही.

आणि तो काउंट पाहा. जहागिरीतल्या नवरीवरचा धन्याचा जुना हक्क त्याने जाहीरपणे सोडून दिलेला आहे. पण सुझानाच्या बाबतीत तोच हक्क गुपचूप, पैसे देऊन, परत हवा आहे. चारचौघांत सुधारक आणि दाराआड मालक! हा माणूस मोझार्टला पुस्तकातून शोधायची गरज नव्हती. त्याच्या घरी तो जेवला होता. पण सूड म्हणून त्याने त्याला विदूषक केले नाही. शेवटी सर्वांदेखत काउंट बायकोपुढे गुडघे टेकून क्षमा मागतो, तेव्हा सारा गलबला थांबतो, आणि जी संथ चाल येते ती इतकी खरी आहे, की क्षणभर त्याचा पश्चात्तापही खरा वाटतो.

प्रेक्षकांनी ‘वन्स मोअर’चा इतका भडिमार केला (आपल्या संगीत रंगभूमीच्या रसिकांना हे नवे नाही), की खेळ लांबू लागला. ९ मे रोजी सम्राटाने आज्ञा काढली: एकापेक्षा अधिकांनी गायचे पद पुन्हा घ्यायचे नाही. एकट्याचे घ्या! त्या वर्षी व्हिएन्नात खेळ झाले अवघे नऊ. प्राग शहराने मात्र त्याला डोक्यावर घेतले.

मोझार्ट ५ डिसेंबर १७९१ रोजी गेला. दा पोंते भटकत भटकत अमेरिकेला पोचला आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात इटालियनचा प्राध्यापक झाला. नेपोलियनच्या फौजा आल्या तेव्हा, १८०० साली, कोलोरेडो साल्झबुर्ग सोडून पळाला. ते पुन्हा त्याच्या हाती आले नाही. १८१२ साली तो वारला, तो व्हिएन्नातच.