जॅक पुन्हा उठतो, पण मांस येतं कुठून?

मागच्या आठवड्यात ‘डॉक्टर हू’मधल्या कालप्रवासाचे गुंते पाहिले. आज त्याच मालिकेतलं अमरत्व, आणि चाहत्यांनी त्यावर घातलेला वाद.

बीबीसीने ‘डॉक्टर हू’ २००५ मध्ये नव्याने सुरू केली. त्या वर्षीच्या शेवटच्या भागात डॅलेक नावाचे परग्रहवासी शत्रू नायक डॉक्टरचा सोबती कॅप्टन जॅक हार्कनेस याला ठार मारतात. कालभोवऱ्याची, म्हणजे ज्यातून कालप्रवास होतो त्या भोवऱ्याची, शक्ती अंगात भिनलेली डॉक्टरची सोबतीण रोझ टायलर त्याला जिवंत करते, पण ती शक्ती तिला आवरत नाही आणि जॅक कायमचाच जिवंत होऊन बसतो. दोन वर्षांनी ‘युटोपिया’ या भागात तो डॉक्टरला आपल्या मरणांची यादी ऐकवतो : १८९२ मध्ये एलिस बेटावरच्या मारामारीत छातीत गोळी, मग कड्यावरून पडणं, घोड्यांच्या टापांखाली सापडणं, दोन महायुद्धं, विष, उपासमार, वर एक भरकटलेला भाला. डॉक्टरचं उत्तर असं की, तू आता काळातला एक अढळ बिंदू झाला आहेस.

या उत्तराने चाहत्यांचं समाधान झालं नाही, आणि ते बरंच झालं. गोळीने फाटलेलं हृदय सांधलं जातं, हे एकवेळ मानता येतं. सगळा माल जागेवर असतो, फक्त दुरुस्ती हवी. खरी पंचाईत केली याच मालिकेतून निघालेल्या ‘टॉर्चवुड’ या मालिकेच्या २००९ मधल्या ‘चिल्ड्रन ऑफ अर्थ’ या पाच भागांच्या कथेने. तिथे जॅकच्या पोटात बॉम्ब पेरला जातो आणि त्याच्या टॉर्चवुड या गुप्त संघटनेचं कार्डिफमधलं मुख्यालय त्याच्यासकट उडतं. ढिगाऱ्यातून त्याचे मोजके अवशेष गोळा करून पिशवीत भरतात आणि कोठडीत नेऊन ठेवतात. त्या अवशेषांवर हळूहळू पूर्ण शरीर भरत जातं आणि जॅक किंकाळी फोडत जागा होतो. अशा कैद्याला आवरायचं कसं? कोठडीत काँक्रीट ओतून.

चाहत्यांचा प्रश्न साधा आहे : उरलेलं मांस आलं कुठून? कोठडीत अन्न नाही, पाणी नाही. समजा साठ किलो कमी पडले आणि ते निव्वळ ऊर्जेतून घडवले. आइन्स्टाइनच्या सूत्राने साठ किलो वस्तुमानाची किंमत होते सुमारे दीड लाख कोटी युनिट वीज. भारतात अलीकडे वर्षभरात साधारण तेवढी वीज तयार होते. एवढी ऊर्जा एका कोठडीत ओतली गेली आणि भिंतीला साधा तडाही गेला नाही, हे पटवून घेणं जड जातं. ‘कालभोवरा पुरवतो’ असं म्हणणारे चाहते आहेतच; पण मग तो काहीही पुरवू शकतो, आणि वादात बोलायला काही उरत नाही.

जीवशास्त्राकडे मात्र याचं एक सुरेख उत्तर आहे. प्लॅनेरिया हा गोड्या पाण्यातला चपटा किडा. टी. एच. मॉर्गन यांनी १८९८ मध्ये त्याचे तुकडे करून पाहिले, तेव्हा मूळ शरीराच्या २७९ व्या भागाएवढ्या कणापासूनही पुरा किडा तयार होऊ शकतो असं दिसलं. पण तो किडा असतो चिमुकला. तुकड्यात आहे तेवढ्याच मालाची नव्याने मांडणी होते, अवयव त्या मापाचे घडतात, आणि पुढची वाढ खाणं मिळेल तशी. या न्यायाने त्या कोठडीत वीतभर उंचीचा जॅक उठून बसायला हवा होता आणि त्याने आधी जेवण मागायला हवं होतं. माझ्या मते तो प्रसंग पडद्यावरच्यापेक्षा जास्त भीतीदायक झाला असता.

अमर जेलिफिशचा दाखलाही या वादात निघतो. ट्युरिटॉप्सिस डोर्नी हा जीव संकट आलं की प्रौढावस्था सोडून पुन्हा पॉलिपच्या बाल्यावस्थेत जातो. खरं आहे, पण त्याला मेंदू नाही. मागे जाताना हरवण्यासारखं त्याच्याजवळ काही नसतं. जॅकजवळ आहे.

‘टॉर्चवुड’च्याच २०११ च्या ‘मिरॅकल डे’मध्ये तर जगभरात कुणीच मरेनासं होतं, मात्र जखमा, आजार आणि म्हातारपण चालूच राहतं. भळभळत्या जखमेवर तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्याला ठाऊक आहे; इथे अख्खी मानवजात तशी होते. ही कल्पना मला जॅकच्या अमरत्वापेक्षा प्रामाणिक वाटते, कारण न मरणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ती विसरत नाही. फसते ती धडावेगळ्या डोक्याचे डोळे उघडे ठेवते तिथे. रक्तपुरवठा तुटला की मेंदूची शुद्ध काही सेकंदांतच हरपते.

आणि मेंदूपाशी आलो की मालिकेतलं सर्वांत पटणारं अमर पात्र सापडतं. २०१५ मधली अ‍ॅशिल्डर. व्हायकिंग गावातली ही मुलगी मरते, डॉक्टर तिच्या कपाळावर परग्रहवासी सैनिकांची दुरुस्तीची चिप बसवतो. शतकानुशतकं उलटल्यावर, १६५१ च्या इंग्लंडमध्ये, ती त्याला पुन्हा भेटते तेव्हा स्वतःचं नावही विसरलेली असते. आयुष्य अमर्याद, स्मरणशक्ती साध्या माणसाएवढी. म्हणून तिने रोजनिश्यांनी कपाटं भरली आहेत. सोसवली नाहीत ती पानं फाडून टाकली आहेत. प्लेगने नेलेल्या मुलांचं पान मात्र ठेवलं आहे, पुन्हा मूल होऊ द्यायचं नाही हे लक्षात राहावं म्हणून.

यावर आक्षेप असा : चिप सगळं दुरुस्त करते, तर विस्मरण का दुरुस्त करत नाही? आक्षेप वजनदार आहे, पण उत्तर प्रयोगशाळेत आहे. गेल्या शतकातल्या उघड्यावरच्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला आणि तो पेशींच्या डीएनएत उतरला. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने त्याच्या आधारे पेशींचं वय काढलं. आतड्याच्या आणि रक्ताच्या पेशी तरुण निघाल्या. मेंदूच्या बाह्यपटलातले न्यूरॉन मात्र माणसाच्याच वयाचे. म्हणजे चिपने जुना न्यूरॉन काढून नवा बसवला, तर त्याच्या जोडण्यांत साठलेली आठवण त्याच्याबरोबर जाणार. जुनाच टिकवला, तरी त्याच त्या जोडण्यांवर नवी वर्षं लिहिली जाऊन जुनी पुसट होणार. विसरणं हा बिघाडच नाही, मग चिप दुरुस्त काय करणार? लेखकांनी हे शास्त्र वाचून लिहिलं असो वा नसो, अ‍ॅशिल्डरची फाटकी पानं या हिशेबात चोख बसतात.

खुद्द डॉक्टर मरत नाही तो कायापालट करून, आणि त्यालाही १९७६ च्या एका भागाने बारा वेळांची मर्यादा घातली होती. चाहत्यांनी ते बारा कसे मोजले, आणि २०१३ च्या नाताळात ती मोजणी संपल्यावर काय झालं, ते पुढच्या आठवड्यात.